फाटका आवाज आणि समजूतदार कान

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरातल्या ध्वनियंत्रणेवर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: यंत्राचे आकडे एक सांगतात, कान दुसरेच सांगतो. यातल्या बऱ्याच प्रश्नांचे उत्तर यंत्रापेक्षा कानात आहे, म्हणून ती पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मोबाइलवर तानपुऱ्याचे ॲप लावून मी रियाज करते. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज निघूच शकत नाही असे भाऊ म्हणतो. मला तर तो स्वच्छ ऐकू येतो. मात्र तबल्याचे ॲप लावले की डग्गा गायब! हे कसे? (एक वाचिका, मिरज)

उत्तर : भावाचे बरोबर आहे आणि तुमचेही. तुम्ही काळी चारमध्ये गात असाल तर तुमचा मधला सा साधारण २०८ हर्ट्झचा (सेकंदाला २०८ कंपने) आणि खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे १०४ हर्ट्झची. फोनचा स्पीकर चार-पाचशे हर्ट्झच्या खाली झपाट्याने ढेपाळतो. त्यामुळे १०४ हर्ट्झचा मूळ स्वर हवेत जवळजवळ उतरतच नाही. पण तार एका स्वरात वाजत नसते. १०४ च्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे उपस्वर तिच्यात असतात आणि फोनमधून त्यांतले ५२०, ६२४, ७२८ वगैरे बाहेर पडतात. यातला ५२० म्हणजे तानपुऱ्यातला स्वयंभू गंधार. हे सगळे उपस्वर एकमेकांपासून १०४ हर्ट्झवर आहेत, आणि एवढ्या पुराव्यावर मेंदू ठरवतो की मूळ स्वर १०४ चाच असणार. तो न वाजताही ऐकू येतो. डच शास्त्रज्ञ शाउटेन यांनी १९४० च्या सुमारास याचा नीट अभ्यास केला.

तानपुरा इथे विशेष फायद्यात आहे तो जवारीमुळे. घोडीचा माथा किंचित गोलसर आणि त्यावर तारेखाली सुताचा धागा, यामुळे कंप पावणारी तार घोडीला सारखी चाटत राहते आणि वरच्या उपस्वरांना शक्ती मिळत राहते. एखादी तार ज्या बिंदूवर छेडावी तिथे ज्या उपस्वराचा निःस्पंद (न हलणारा बिंदू) असतो तो उपस्वर वाजू नये, असा जुना नियम आहे. तानपुरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे चंद्रशेखर वेंकट रमण यांनी १९२१ मध्ये नोंदवले. काटेकोर बोलायचे तर जवारी हे डिस्टॉर्शनच (मूळ लाटेचा आकार बदलणे) आहे, फक्त मुद्दाम घडवलेले आणि सुरात बसणारे. तुमच्या मिरजेतले कारागीर तेच तर तासून तासून जुळवतात.

डग्ग्याचे तसे नाही. उजव्या तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर पूर्णांकी पटीत बसतात (हेही रमण यांनीच, १९२० मध्ये दाखवले). डग्ग्याची शाई मध्यावर नसून एका बाजूला असते. त्याचा घुमारा बहुतेक सगळा खालच्या स्वरात असतो आणि वर पुराव्याला फारसे काही उरत नाही. फोनवर म्हणून डग्ग्याची थाप ‘टप’ अशी ऐकू येते आणि घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) तर हरवतोच. ॲपमधला बेस वाढवून उपयोग नाही. पडदा जास्त हलतो, आवाज फाटतो, खालचा स्वर तरीही येत नाही. फोन रिकाम्या पातेल्यात ठेवू नका. पातेले स्वतःच्या ठरावीक स्वरांना फुगवते आणि सूर लावताना ते नडते. साधा तीन-चार इंची स्पीकर तारेने जोडा, काम होईल.

भावाला पटवायचे असेल तर संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन ट्रॅक घेऊन ४००, ६०० आणि ८०० हर्ट्झचे शुद्ध स्वर तयार करा. प्रत्येकाची पातळी ०.२ ठेवा, नाहीतर बेरीज मर्यादेबाहेर जाऊन भलतेच डिस्टॉर्शन होईल. तिन्ही एकत्र वाजवले की २०० चा स्वर ऐकू येतो. आता प्रत्येकात २० मिळवा: ४२०, ६२०, ८२०. अंतर अजून २०० च आहे, पण ऐकू येणारा स्वर किंचित चढतो, २०७ च्या आसपास जातो. म्हणजे कान नुसती वजाबाकी करत नाही. समोर आलेल्या स्वरांना सर्वांत जवळची बसेल अशी मालिका तो शोधतो.

प्रश्न : माझ्या नव्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात टीएचडी ०.०५ टक्के लिहिले आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्राचा आकडा १ टक्का. तरीही रात्री हळू आवाजात नवाच खरखरीत वाटतो. आकडे खोटे की माझा कान खोटा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. टीएचडी म्हणजे शुद्ध स्वर आत दिला असता बाहेर किती जादा उपस्वर आले त्यांची एकत्र टक्केवारी. १ टक्का म्हणजे मूळ स्वराहून ४० डेसिबल खाली, ०.१ टक्का म्हणजे ६० खाली. पण कोणते उपस्वर आले हे त्या आकड्यात नसते, आणि कानाला नेमके त्याचेच पडलेले असते.

कारण आतल्या कानातल्या कॉक्लियाच्या रचनेत आहे. शंखासारख्या या नळीतल्या पडद्यावर वरचे स्वर दाराशी उमटतात आणि खालचे स्वर पार आत, टोकाशी. खालच्या स्वराची लाट आत जाताना दाराजवळच्या भागालाही हलवून जाते, तर वरच्या स्वराची लाट दाराशीच विरते. म्हणून खालचा स्वर आपल्या वरच्या शेजाऱ्यांना झाकतो, वरचा मात्र खालच्याला फारसा झाकत नाही. १००० हर्ट्झचा जोरकस स्वर वाजत असताना २००० वरचा दुसरा उपस्वर त्याच्या सावलीत दडतो. शिवाय तो बरोबर एक सप्तक वर, म्हणजे सुरातच असतो. कानाला वाटते आवाज जरा भरदार झाला. सातवा किंवा नववा उपस्वर सावलीच्या बाहेर असतो आणि सुरातही बसत नाही. तो कमी असला तरी टोचतो. बीबीसीचे शॉर्टर यांनी १९५० साली सुचवले होते की प्रत्येक उपस्वराला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाच्या चतुर्थांशाने गुणून मग बेरीज करावी. तसे केले तर दुसऱ्याला १ गुण, तिसऱ्याला २.२५ आणि सातव्याला १२.२५. ही सूचना माहितीपत्रकांनी उचलली नाही, आणि त्यांनी ती का उचलावी म्हणा!

आता तुमची ‘रात्री हळू आवाजात’ ही खूण. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा. प्रत्येकाला चालू व्हायला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. दोघांना आधीच थोडा बायस प्रवाह देऊन जागे ठेवले नाही तर शून्याजवळ एक मुकी पट्टी राहते आणि लाटेला तिथे खाच पडते. हिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. खाचेचा आकार आवाजाबरोबर वाढत नाही, त्यामुळे मोठ्या आवाजात ती क्षुल्लक आणि लहान आवाजात मोठी. वरचे टोचरे उपस्वर हीच जास्त काढते. माहितीपत्रकातला आकडा बहुधा पूर्ण शक्तीच्या आसपास १००० हर्ट्झवर मोजलेला असतो, तिथे ही खोट दिसत नाही. व्हॉल्व्हच्या यंत्रात बहुतेक दुसरा-तिसरा उपस्वर येतो आणि आवाज लहान केला की तोही घटतो.

तपासायचे असेल तर फोनवरून ४०० हर्ट्झचा शुद्ध स्वर द्या आणि आवाज कमी करत करत अगदी ऐकू येईल न येईल इतका आणा. शेवटपर्यंत गुळगुळीत राहिला तर ॲम्प्लिफायर निर्दोष. शेवटी झिणझिण्या आल्यासारखा किनारा येत असेल तर बायस ढळला आहे. तो जुळवणे मेकॅनिकचे काम आहे: इनपुट शॉर्ट करून, स्पीकर काढून, यंत्र पंधरा-वीस मिनिटे तापू द्यायचे, एमिटरच्या रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट मोजायचे आणि प्रीसेट (बायस जुळवण्याचा आतला छोटा स्क्रू) फिरवून ते मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणायचे. प्रीसेट फिरवण्याआधी तो कोणत्या दिशेने बायस वाढवतो हे पाहून घ्यावे. एका झटक्यात जास्त फिरला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर मिनिटभरात जातात. आत थेट वीज असते, तेव्हा घरी हात घालू नका.

एकट्या बासरीवरून ॲम्प्लिफायरची परीक्षा घेऊ नका हेही सांगून ठेवतो. एकट्या स्वराचे डिस्टॉर्शन त्याच्या पटीतच पडते आणि कान ते त्या वाद्याच्या खाती जमा करतो. दोन स्वर एकत्र आले की त्यांच्या बेरीज-वजाबाकीतून तिसरेच स्वर जन्मतात, आणि त्यांना कोणाचे म्हणावे हे कानाला कळत नाही.

प्रश्न : आजोबांच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या संगणकावर घेतो आहे. खरखर काढून टाकली की आवाज उलट विचित्र, पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ खरखरीची तबकडीच बरी वाटते. असे का? (एक वाचक, धारवाड)

उत्तर : कान सतत सारख्या राहणाऱ्या खोटीची सवय करून घेतो आणि बदलत्या खोटीकडे लक्ष देतो. १९२५ नंतर विजेवरचे मायक्रोफोन येईपर्यंत गायक कर्ण्यात तोंड घालून गात. कोलकात्यात १९०२ साली गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेही असेच. त्या पद्धतीत साधारण अडीच हजार हर्ट्झच्या वरचे जवळजवळ काही उमटत नसे आणि कर्ण्याचा स्वतःचा घुमा त्यात मिसळे. तरी दोन-चार वाक्ये ऐकली की कान हा कायमचा रंग वजा करतो आणि गळा ओळखू येतो. सततची खरखरही तशीच मागे ढकलली जाते. सॉफ्टवेअर मात्र क्षणाक्षणाला वेगवेगळ्या पट्ट्या उघडते-मिटते. उरलेली खरखर सुटे सुटे बुडबुडे होऊन गाण्याबरोबर नाचते आणि ती कानाआड करता येत नाही.

म्हणून खरखर पूर्ण काढू नका. ६ ते ८ डेसिबलच कमी करा आणि खटके मात्र वेगळ्या क्लिक-फिल्टरने काढा. त्याआधी सुई तपासा. एलपीची सुई ७८ च्या रुंद खोबणीत तळाला लोळते आणि तिथला सगळा कचरा उचलते. ७८ साठी साधारण ३ मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची वेगळी सुई मिळते. तबकडीचे भोक मध्यावर नसेल तर स्वर दर फेरीला, म्हणजे सेकंदाला १.३ वेळा वर-खाली हेलकावतो. गाण्यातली मींड हे झाकते, पेटीचा लांबवलेला सूर लगेच चुगली करतो. तबकडी किंचित सरकवून सुईचा हात डुलायचा थांबेपर्यंत जुळवा.

प्रश्न : सप्ताहात माइक तपासताना आवाज उत्तम असतो. कीर्तन रंगात आले की फाटतो. मंडपात मागे बसलेल्यांना शब्दच कळत नाहीत, आवाज मोठा करूनही. (मंडळाचा एक कार्यकर्ता, जुन्नर)

उत्तर : दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली अशी की ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ ही परीक्षाच फसवी आहे. लिकलायडर आणि पोलॅक या संशोधकांनी १९४८ मध्ये बोलण्याच्या लाटेचे सगळे माथे कापून नुसता चौकोनी सांगाडा ठेवला, तरी ऐकणाऱ्यांना बरेचसे शब्द कळले. बोलणे इतके फाटले तरी कान निभावून नेतो, म्हणून ऑपरेटरला पत्ताच लागत नाही. मग पेटी, पखवाज, टाळ आणि चाळीस जणांचा कोरस एकदम येतो आणि सगळ्याचा चिखल होतो.

तपासणी पेटीने करा. सा आणि रे एकदम दाबून धरा. सा २४० आणि रे २७० हर्ट्झचा असेल तर फाटणाऱ्या यंत्रणेत २१० आणि ३०० असे कुणी न दाबलेले स्वर गुरगुरू लागतात. ते ऐकू आले की मिक्सरच्या त्या चॅनेलचा गेन खाली घ्या. फेडर (बाहेर जाणारा आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) नव्हे, गेन (माइकचा आवाज आत घेतानाची वाढ). माइकच्या प्रीॲम्पमध्ये फाटलेला आवाज फेडरने फक्त लहान होतो, शिवला जात नाही. बुवांनी सर्वांत वरच्या पट्टीत माइकजवळ गाऊन दाखवावे आणि तेव्हा मीटर लाल दिव्याच्या १२ डेसिबल खाली राहावा. तालमीत सगळे जपून गातात आणि रात्री नाही, त्यासाठी ही शिल्लक. आणखी एक: ॲम्प्लिफायर पुरा पडत नसताना ताणला तर माथे कापलेल्या लाटेतून वरच्या उपस्वरांची भर पडते आणि जळतो तो ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर.

मागच्यांची तक्रार मोठ्या आवाजाने सुटणार नाही, उलट वाढेल. एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला तर कान पहिला आलेला खरा मानतो आणि ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा त्यातच मिसळून घेतो. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ च्या सुमारास हे मोजले. अंतर ५० मिलिसेकंदांच्या पुढे गेले की दुसरा आवाज वेगळा ऐकू येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. मंडपात हवा ३० अंशांची असेल तर आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. पुढच्या बॉक्सपासून २५ मीटरवर दुसरी जोडी लावली असेल तर पुढचा आवाज तिथे ७२ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मागच्या जोडीला तेवढा डिले (मुद्दाम केलेला उशीर) द्या आणि वर १० ते १५ आणखी, म्हणजे साधारण ८५. आता मागे बसलेल्याला पुढचा आवाज आधी येतो, जवळचा त्याला बळ देतो, आणि बुवा समोरूनच बोलताहेत असे वाटते. मागची जोडी पुढून येणाऱ्या आवाजापेक्षा ४ ते ६ डेसिबल मोठी चालते. हास यांच्या प्रयोगात १० पर्यंतही चालली होती. मिक्सरमध्ये आउटपुट डिले नसेल तर स्वतंत्र प्रोसेसर भाड्याने मिळतो.

देवळाच्या चारी दिशांना गावभर कर्णे बांधले असतील तर मात्र कोणताही डिले सगळ्यांना पुरत नाही. शंभर मीटरवरच्या दोन कर्ण्यांत जवळजवळ ३०० मिलिसेकंदांचा फरक पडतो. तिथे कर्णेच कमी करा.

प्रश्न : फोनवर बोलताना मागे ट्रकचा हॉर्न वाजला तरी समोरच्याचे वाक्य कळते. पण आवाज क्षणभर तुटला की काहीच कळत नाही. तुटणे तर हॉर्नपेक्षा लहान असते. (एक वाचिका, सोलापूर)

उत्तर : निरीक्षण अचूक आहे. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी १९७० साली ध्वनिमुद्रित वाक्यातला एक ‘स’ पूर्ण कापला आणि त्या जागी खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांना ‘स’ ऐकू आला! खोकला नेमका कोणत्या अक्षरावर होता हे त्यांना सांगता आले नाही. त्याच जागी नुसती शांतता ठेवली तेव्हा खाच लगेच कळली. मेंदूचा हिशेब असा: हॉर्न एवढा मोठा आहे की त्याखाली ‘स’ असता तरी ऐकू आला नसता, तेव्हा तो असणार असे धरायला हरकत नाही. शांततेत तो असता तर ऐकू आलाच असता. तो आला नाही, म्हणजे तो नव्हता.

मोबाइलचे तंत्र हे जाणून आहे. बोलणे २०-२० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत येते. एखादा तुकडा हरवला तर फोन आधीच्या तुकड्यावरून बनावट तुकडा भरतो, आणि सलग तीन-एक हरवले की हळूहळू आवाज मिटवतो. तिथे तुम्हाला खाच जाणवते. समोरचा गप्प असताना येणारी हलकी सळसळही पुष्कळदा फोनने स्वतः भरलेली असते, कारण संपूर्ण शांततेत माणसे ‘हॅलो, हॅलो’ करू लागतात.

ही भरपाई संदर्भावर चालते. ओळखीच्या वाक्यात ती बिनचूक होते, आकड्यांत आणि नावांत संदर्भच नसतो. साध्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झच येतात आणि ‘स’, ‘फ’ यांची बरीचशी शक्ती त्यावर असते. खाते क्रमांक सांगताना ‘सदुसष्ट’ न म्हणता ‘सहा, सात’ असे सुटे सांगा. एचडी कॉल ७००० हर्ट्झपर्यंत जातो, पण दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क त्यासाठी तयार हवे.

प्रश्न : ध्वनिमुद्रणात माझा आवाज पिचका का येतो? (एक विद्यार्थी, मडगाव)

उत्तर : बोलताना तुम्हाला तुमचा आवाज हवेतून आणि कवटीच्या हाडांतून असा दोन वाटांनी येतो. हाडांची वाट खालचे स्वर जास्त पोहोचवते. ध्वनिमुद्रणात ती वाट नाही. इतर सगळ्यांना तुम्ही नेहमी असेच ऐकू येता.

प्रश्न : जुन्या एमपीथ्रीमध्ये गाणे ठीक वाटते, पण तबल्याच्या बोलाआधी हलकी ‘फुस्स’ येते. भास असेल का? (एक तबलावादक, ठाणे)

उत्तर : भास नाही, याला प्री-एको म्हणतात. एमपीथ्री जे काढून टाकते ते इतर आवाजांच्या सावलीत दडलेले असते आणि जी खरखर ती निर्माण करते तीही त्याच सावलीत लपवते. ही सावली काळातही पडते, पण एकाच बाजूला लांब. थापेनंतर कान शंभर-दीडशे मिलिसेकंद बधिर असतो, थापेआधी मात्र जेमतेम काही मिलिसेकंद. एमपीथ्रीची एक चौकट ११५२ नमुन्यांची, म्हणजे सीडीच्या वेगाने २६ मिलिसेकंदांची. चौकटीतल्या लांब ब्लॉकमध्ये (तुकड्यात) ‘ना’ची थाप शेवटी आली तर तिची खरखर ब्लॉकभर पसरते आणि थापेआधीच्या शांततेत उघडी पडते. चांगला एन्कोडर (एमपीथ्री बनवणारे सॉफ्टवेअर) थाप ओळखून तिथे एक तृतीयांश लांबीचे ब्लॉक वापरतो. जुने एन्कोडर १२८ केबीपीएसवर इथे हमखास चुकत. मूळ सीडी असेल तर २५६ वर पुन्हा काढा. एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री करू नका, दोन्हींच्या खोटी साठतात.

फरक खरोखर कळतो का हे पाहायचे असेल तर कुणाला तरी नाणेफेकीने फायली लावायला सांगा, १६ वेळा. निदान १२ वेळा बरोबर ओळखले तर फरक कळतो असे धरा, कारण नुसत्या अंदाजाने एवढे जमण्याची शक्यता ४ टक्केच असते. दोन्ही फायलींची पातळी ०.२ डेसिबलच्या आत जुळवून घ्या, कारण किंचित मोठा आवाज प्रत्येकाला ‘चांगला’ वाटतो.

प्रश्न : वडील पेटी वाजवतात. नवीन श्रवणयंत्र लावल्यापासून म्हणतात की पेटीचा सूर थरथरतो, स्वतःचा आवाज हंड्यातून येतो आणि ताटवाट्यांचा आवाज सहन होत नाही. यंत्र बदलून घ्यावे का? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : आधी बदलू नका. तिन्ही तक्रारींची कारणे वेगळी आहेत.

ताटवाट्या: वयाने बहुधा कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी जातात. एका कानात त्या साधारण १२,००० असतात आणि लहान आवाज वाढवून देणे हे त्यांचे काम. त्या गेल्या की लहान आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ६० डेसिबलपासून ऐकू यायला लागणार आणि १०० ला असह्य होणार, म्हणजे सगळे जग ४० डेसिबलमध्ये बसवायचे. ‘मोठ्याने बोल’ आणि लगेच ‘ओरडतोस कशाला’ हे म्हाताऱ्या माणसाचे म्हणणे लहरी नसते. यंत्र हे दाबून बसवते, पण वर्षानुवर्षे न ऐकलेले टोकदार आवाज मेंदूला परके झालेले असतात. पहिल्या आठवड्यात घरात शांत वेळी दोन ते चार तास, मग दर काही दिवसांनी वाढवत दिवसभर. सहा-आठ आठवड्यांनीही ताटवाट्या टोचत असतील तर ऑडिऑलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) कमाल आवाजाची मर्यादा खाली आणायला सांगा.

हंड्यातला आवाज: कान बंद झाल्याने हाडांतून आलेला स्वतःचा आवाज आतच कोंडतो. त्यांना ‘ई’ आणि ‘ऊ’ लांब म्हणायला सांगा, मग ‘आ’. ‘ई-ऊ’लाच घुमत असेल तर कारण हेच. खालचे स्वर अजून चांगले ऐकू येत असतील तर बंद डोमऐवजी (कानात बसणाऱ्या मऊ टोपीऐवजी) उघडा डोम किंवा मोल्डला (कानाच्या मापाच्या साच्याला) मोठे छिद्र पुरते.

थरथरणारी पेटी: यंत्रात शिट्टी मारणारी सुविधा असते, म्हणजे शिट्टी वाजू लागली की ओळखून तिला मारणारी. लांबवलेला पेटीचा सूर तिला शिट्टीच वाटतो आणि ती त्याच्याशी झगडू लागते. त्यातून तो कंप येतो. ऑडिऑलॉजिस्टकडे पेटी घेऊनच जा आणि संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्या. त्यात शिट्टी-नियंत्रण बंद किंवा अगदी मंद, गोंगाट कमी करणारे फिल्टर बंद, वरचे स्वर खाली सरकवणारी सोय बंद आणि माइक चहूबाजूंचा असावा. मैफिलीत तरीही आवाज फाटत असेल तर आवाज कमी करून भागणार नाही, कारण बऱ्याच यंत्रांत ९५ डेसिबलच्या आसपास माइकच्या लगेच पुढेच माथे कापले जातात. माइकच्या छिद्रांवर पारदर्शक चिकटपट्टीचा एक थर लावून पाहा. आत जाणारा आवाज दहाएक डेसिबल उतरतो आणि फाटणे थांबते. घरी आल्यावर पट्टी काढायची.

प्रश्न : ढोल-ताशा पथकाचा सराव झाला की रात्रभर कानात शिट्टी वाजते आणि सगळ्यांचे बोलणे फुटक्या स्पीकरमधून आल्यासारखे वाटते. सकाळी ठीक होते. कान स्वतः जुळवून घेतो ना? (एक वादक, पुणे)

उत्तर : नाही. मोठ्या आवाजाला मधल्या कानातला छोटा स्नायू ताणला जातो हे खरे, पण त्याला ताणायला किमान २५ ते १०० मिलिसेकंद लागतात आणि ताशाची काडी त्याच्या कितीतरी आधी कानात पोहोचलेली असते. शिवाय तो मुख्यतः खालचे स्वर अडवतो. ताशाचे नुकसान वरच्या स्वरांत होते, ऑडिओग्राममध्ये (श्रवणचाचणीच्या आलेखात) ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. सकाळी ‘ठीक’ होणे म्हणजे केसपेशी थकून सावरल्या. दर वेळी त्या सगळ्या सावरतीलच असे नाही, आणि शांत खोलीतली चाचणी चांगली येऊनही गोंगाटात बोलणे कळत नाही अशी अवस्था येते.

हिशेब असा धरतात: ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला १५ मिनिटे. पथकाच्या मधोमध आवाज १०० च्या वर सहज जातो आणि सराव दोन-दोन तास चालतो. कापसाच्या बोळ्याने काही होत नाही. फोमचे प्लग वापरा: बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर-मागे ओढायची, प्लग आत घालून अर्धा मिनिट दाबून धरायचा. बाहेरून जेमतेम टोक दिसले तर बरोबर बसला. ताल नीट कळावा म्हणून वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे स्वर सारखे उतरवतात. चाचणी सरावाच्या दुसऱ्या दिवशी, निदान १४-१६ तास शांततेत काढून मगच करा, नाहीतर थकवाच मोजला जाईल. एका कानाचे ऐकणे अचानक गेले आणि सकाळीही परतले नाही, तर आठवडाभर वाट न पाहता ७२ तासांच्या आत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठा. त्यावरचे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर तितके लागू पडतात.